ताश्कंद तीन दिवसांत: भूकंपाआधीचं आणि भूकंपानंतरचं शहर

उझबेकिस्तानच्या बहुतेक सहलींत ताश्कंदच्या वाट्याला एक संध्याकाळ येते. रात्री विमानातून उतरायचं, जेवायचं, झोपायचं आणि सकाळच्या गाडीने समरकंद गाठायचं. समरकंद-बुखाऱ्याच्या निळ्या घुमटांनी डोळे भरून यावेत म्हणून निघालेल्या माणसाला ताश्कंद पहिल्या नजरेत सपाट वाटतं. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, सोव्हिएत काळातल्या अजस्र इमारती आणि मधूनच एखादी जुनी मशीद. पण हे शहर असं का दिसतं ते कळलं, की त्यातला प्रत्येक चौक बोलायला लागतो. म्हणून माझं सांगणं असं: ताश्कंदला पूर्ण तीन दिवस द्या, आणि ते एका तारखेभोवती लावा. ती तारीख म्हणजे २६ एप्रिल १९६६.

त्या पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी शहराच्या थेट पोटाखाली भूकंप झाला. तीव्रता ५ च्या थोडी वर, म्हणजे आकडा फार मोठा नाही. पण केंद्र जमिनीखाली अवघ्या काही किलोमीटरांवर होतं. कच्च्या विटांची, मातीची घरं खचली आणि सुमारे ३ लाख लोक उघड्यावर आले. किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या आपल्या पिढीला पहाटेची वेळ, उथळ केंद्र आणि मातीच्या भिंती यांचं गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ताश्कंदमध्ये जीवितहानी त्या मानाने फार कमी झाली, पण शहराचा मध्यभाग गेला. मग सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकाम पथकं आली आणि त्यांनी नवं शहर उभं केलं. आज आपण फिरतो ते बरंचसं त्यांचं. पश्चिमेला जुन्या वस्तीचा जो भाग टिकला, तो वेगळा ओळखू येतो. पहिल्या दिवशी हा टिकलेला भाग, दुसऱ्या दिवशी नव्याने बांधलेला मध्य आणि तिसऱ्या दिवशी शास्त्रीजींचं स्मारक व उत्तरेकडचा भाग, असा क्रम लावला की शहर नीट उलगडतं.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. एका प्रवेशाच्या, ३० दिवसांच्या व्हिसाचं शुल्क २० डॉलर आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. दिसायला तशाच आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या दलालांच्या साइट शोधात वर येतात, त्या टाळा. पासपोर्टवरचं नाव जसं आहे तसंच भरा, वडिलांचं नाव आणि आडनाव मागेपुढे करू नका. व्हिसा काही दिवसांत येतो, तरी दहा-बारा दिवस हातात ठेवून अर्ज केलेला बरा.

दिल्लीहून थेट विमान साधारण तीन-साडेतीन तासांत पोचवतं. मुंबईहूनही थेट विमानं आहेत, पण ती रोजची नसतात आणि वेळापत्रक बदलत राहतं. पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद असते तेव्हा त्यांच्या विमानांना मोठा वळसा पडतो किंवा फेऱ्याच थांबतात. त्यामुळे तिकीट काढताना कंपनी कुठल्या देशाची आहे हे बघा आणि पुढच्या रेल्वेचं आरक्षण विमान उतरण्याच्या वेळेला अगदी चिकटून करू नका. घड्याळ फक्त अर्धा तास मागे घ्यायचं असतं.

कधी जावं? एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. वसंतात चेरी आणि स्ट्रॉबेरी असतात, सप्टेंबरात खरबुजं आणि द्राक्षं, ऑक्टोबरात डाळिंबं. जुलैमध्ये पारा चाळिशीवर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. डिसेंबर-जानेवारीत बर्फ पडतं; डोंगरावर जायचं असेल तरच तो काळ निवडा. २१ मार्चच्या सुमारास नवरोझ असतो. त्या दिवसांत शहर सजलेलं असतं, पण काही कार्यालयं आणि संग्रहालयं बंद मिळू शकतात.

पैसे डॉलरमध्ये न्या. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या आणि शाई न लागलेल्या हव्यात, कारण थोडी फाटलेली नोटही परत केली जाते. इथलं चलन सोम. एका रुपयाला साधारण सव्वाशे ते दीडशे सोम मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी हातात लाखांच्या नोटा येतात आणि गोंधळ उडतो. सोपा हिशेब म्हणजे १५ हजार सोम हे आपले शंभरेक रुपये धरायचे. हॉटेलं आणि मोठी दुकानं कार्ड घेतात, बाजारात रोकडच लागते.

विमानतळावरचा पहिला तास

बाहेर पडण्याआधी तीन कामं उरका. बँकेच्या खिडकीवर पन्नास-शंभर डॉलर बदला, फोनचं स्थानिक सिम घ्या आणि यांडेक्स गो हे टॅक्सीचं ॲप चालू करा. दाराबाहेर टॅक्सीवाले घेराव घालतात आणि ॲपच्या कितीतरी पट भाडं सांगतात. विमानतळ शहराच्या अगदी जवळ आहे, मध्यभाग सहा-सात किलोमीटरवर. ॲपवर भाडं आधीच दिसतं आणि रोख देता येतं.

हॉटेल निवडताना तारे कमी बघा, मेट्रो जास्त बघा. ओयबेक, कोस्मोनावतलार किंवा अमीर तेमूर खियाबोनी या स्थानकांपासून चालत दहा मिनिटांच्या आत राहिलात तर सगळं शहर हाताशी येतं. हॉटेल तुमची सरकार-दरबारी नोंदणी करतं. कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या सदनिकेत राहणार असाल तर ही नोंदणी तीन दिवसांत करून घेण्याची जबाबदारी यजमानाला आधीच सांगून ठेवा. नोंदणीची चिठ्ठी मिळाली तर ती पासपोर्टमध्ये जपून ठेवा.

पहिला दिवस: जे टिकलं ते

सकाळी नऊच्या आत टॅक्सीने हजरती इमाम परिसरात पोचा. इथे खास इमाम असंही म्हणतात. जवळ मेट्रो नाही, म्हणून जाताना टॅक्सी आणि परतताना पायी. ही युक्ती का, ते पुढे सांगतो.

विस्तीर्ण फरसबंद चौकाच्या एका बाजूला २००७ मध्ये बांधलेली हजरती इमाम मशीद आहे. तिच्या समोरच्या ओसरीचे कोरीव खांब भारतातून आणलेल्या चंदनाचे आहेत असं सांगितलं जातं. जवळ जाऊन नक्षी बघा, प्रत्येक खांबाची वेगळी आहे. समोरचा बराक खान मदरसा सोळाव्या शतकातला. त्याच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत आता कारागिरांची दुकानं आहेत. लाकडाच्या एकाच फळीतून, कुठेही सांधा न देता कोरलेलं पुस्तक ठेवायचं घडीचं आसन इथे मिळतं. ते वेगवेगळ्या पद्धतीने उघडतं, आणि कारागीर ते स्वतः उघडून दाखवतो. त्याला ‘लव्ह’ म्हणतात. ताश्कंदहून काही न्यायचं असेल तर माझी पहिली पसंती याला. परिसराच्या कडेला दहाव्या शतकातले विद्वान कफ्फाल शाशी यांची समाधी आहे. आजची इमारत सोळाव्या शतकातली.

या परिसराचं हृदय म्हणजे उस्मान यांच्या नावाने ओळखली जाणारी कुराणाची प्रत. हरणाच्या कातड्यावर, मोठ्या कूफी अक्षरांत लिहिलेली. तिसरे खलिफा उस्मान यांची ६५६ मध्ये हत्या झाली तेव्हा ते हीच प्रत वाचत होते अशी श्रद्धा आहे. अभ्यासक ती आठव्या शतकाच्या आसपासची मानतात, आणि तरीही ती जगातल्या सर्वांत जुन्या प्रतींपैकी एक ठरते. तिचा प्रवासही केवढा! तैमूरने ती समरकंदला आणली अशी परंपरा आहे. रशियन सत्ता आल्यावर १८६९ मध्ये ती सेंट पीटर्सबर्गला गेली. क्रांतीनंतर उफा शहरात आणि मग १९२० च्या दशकात परत मध्य आशियात आली. अनेक वर्षं ती इथल्या मुई मुबारक मदरशात ठेवलेली होती. आता शेजारी इस्लामी संस्कृती केंद्राची भव्य इमारत उभी राहिली आहे, तेव्हा आत शिरताना दारावरच ‘उस्मोन मुसहफी’ एवढं विचारा, माणसं नेऊन सोडतात. फोटो काढू नका. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी, आणि अर्ध्या चड्डीत कुणीच जाऊ नये.

आता पायी निघा. दक्षिणेला चोरसू बाजाराच्या दिशेने गल्ल्यांतून सुमारे अर्ध्या तासाची चाल आहे. हीच ती भूकंपातून वाचलेली वस्ती, इथल्या भाषेत महल्ला. मातीने लिंपलेल्या आंधळ्या भिंती, त्यात एखादं कोरीव दार, दार उघडं असेल तर आतलं अंगण आणि त्यावर चढवलेला द्राक्षाचा मांडव. रस्त्याच्या कडेने पाण्याचे पाट वाहतात, त्यांना अरीक म्हणतात. सकाळी बायका अंगणासमोर सडा टाकून झाडताना दिसतात. वयाने मोठ्या बाईला ‘ओपा’, पुरुषाला ‘आका’ म्हणून, छातीवर हात ठेवून ‘अस्सलोमु अलायकुम’ म्हटलंत, की चेहरे खुलतात. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘हिंदिस्तान?’ आणि त्यानंतर राज कपूरचं नाव. जुन्या पिढीचं हे प्रेम मनापासूनचं आहे, दोन मिनिटं थांबून त्याला मान द्या.

चोरसूचा निळा-हिरवा घुमट लांबूनच दिसतो. हा बाजार शेकडो वर्षांपासून इथे भरतो, वरचा घुमट मात्र १९८० चा. घुमटाखालच्या तळमजल्यावर मांस असतं. ज्यांना ते नको त्यांनी आत शिरताच जिन्याने वरच्या गोल सज्जावर जावं. तिथे बदाम, पिस्ते, मनुका, जर्दाळू आणि राखेत भाजलेल्या जर्दाळूच्या बिया मिळतात. चव दिल्याशिवाय कुणी विकत नाही, आणि चव घेतली म्हणून घ्यायलाच हवं असंही नाही. भाव करा, पण हसतमुखाने. पंधरा-वीस टक्के कमी झाले की थांबा. भाज्यांच्या भागात पांढऱ्या कोटातल्या बायका तिखट गाजराचं आणि कोबीचं सॅलड विकताना दिसतील. त्यांच्यात कोरियन वंशाच्याही असतात. स्टालिनने १९३७ मध्ये अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना सक्तीने मध्य आशियात आणून सोडलं, त्यांची ही नातवंडं-पणतवंडं. पांढऱ्या सुपारीएवढ्या गोळ्या दिसतील तो कुर्त, म्हणजे वाळवलेलं खारट दही. पहिला घास दचकवतो, उन्हात फिरताना मात्र चांगला कामी येतो.

बाजाराच्या बाजूला तंदूरवाल्यांची ओळ आहे. गोल नोन तंदुरातून निघताना घ्या आणि तिथेच हाताने मोडून खा. नोन सुरीने कापत नाहीत, पालथा ठेवत नाहीत आणि जमिनीवर तर कधीच नाही. हे नियम इथे फार मनापासून पाळतात.

बाजाराला लागून कुकलदाश मदरसा आहे, सोळाव्या शतकातला, आणि टेकाडावर जुनी जुम्मा मशीद. मदरशाच्या अंगणात अर्धा तास बसा. दुपारी चोरसू मेट्रोने हॉटेलवर परता. पहिल्या दिवशी याहून जास्त ठिकाणं कोंबू नका.

दुसरा दिवस: मेट्रोतून नव्या शहरात

उपयोजित कलेच्या संग्रहालयापासून सुरुवात करा. कोस्मोनावतलार स्थानकापासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलोव्त्सेव्ह या रशियन मुत्सद्द्याच्या घरासाठी ताश्कंद, समरकंद, बुखारा, फरगाना इथल्या कारागिरांनी रंगवलेलं छत आणि भिंतींवरचं गच्चकाम, म्हणजे गिलाव्यातलं कोरीवकाम, पाहिलं, की पुढे समरकंदमध्ये काय बघायचं ते आधीच कळतं. सुझनी या भरतकामाच्या दालनात घाई करू नका.

मग मेट्रो. ताश्कंदची मेट्रो १९७७ मध्ये सुरू झाली, मध्य आशियातली पहिली. भूकंपानंतर बांधली म्हणून धक्के सोसेल अशी. स्थानकं अणुहल्ल्यात आश्रयस्थान म्हणून वापरायची होती, त्यामुळे २०१८ पर्यंत इथे फोटो काढायला बंदी होती. आता खुशाल काढा, फक्त पोलिसांचे आणि सुरक्षा तपासणीचे नको. तिकीट आपल्या वीस-पंचवीस रुपयांच्या आतबाहेर. फाटकावर टॅप करायचं बँक कार्ड चालतं, नाहीतर खिडकीवर कागदी तिकीट घ्या. बाहेर पडत नाही तोवर एकाच तिकिटात हवी तेवढी स्थानकं उतरून बघता येतात. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दहानंतर निघा, आणि असा क्रम ठेवा.

कोस्मोनावतलारपासून सुरू करा. हे अंतराळवीरांचं स्थानक, १९८४ चं. भिंतींचा रंग खालून वर निळा ते काळा होत जातो, जमिनीवरून अवकाशात गेल्यासारखा, आणि त्यावर गोल चित्रं: गागारिन, वालेंतिना तेरेश्कोवा आणि त्यांच्या पंगतीत समरकंदचा ज्योतिर्विद राजा उलुग बेग. उलुग बेगने पंधराव्या शतकात तयार केलेल्या तारकांच्या सारण्यांचा अभ्यास आपल्याकडे जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंहाने केला होता, म्हणून या चित्रासमोर मी नेहमी जास्त वेळ थांबतो. तिथून दोन स्थानकं पुढे अलीशेर नवोई. उझबेक भाषेला साहित्याची भाषा म्हणून प्रतिष्ठा देणाऱ्या या पंधराव्या शतकातल्या कवीच्या काव्यातले प्रसंग भिंतींवर आहेत आणि छतभर नक्षीचे घुमट. सगळ्या मेट्रोत सर्वांत देखणं कोणतं असं विचारलंत तर हेच. आतल्या आत जिन्याने दुसऱ्या मार्गिकेवरच्या पाखताकोरला जा. या स्थानकाच्या भिंतींवर कापसाची फुलं-बोंडं आहेत. सोव्हिएत काळात या देशाला कापसाच्या एकाच पिकाला जुंपलं गेलं आणि त्यासाठी नद्यांचं पाणी वळवल्याने अरल समुद्र आटला. हे माहीत असलं की ती सुंदर बोंडं वेगळी दिसतात. पुढचंच स्थानक मुस्तकिल्लिक मायदोनी. इथे बाहेर पडा.

वर येताच स्वातंत्र्य चौक. जिथे एके काळी लेनिनचा प्रचंड पुतळा होता, तिथे आता उझबेकिस्तानचा नकाशा कोरलेला पृथ्वीगोल आहे. चौकातला सर्वांत हलवून टाकणारा भाग म्हणजे शोकाकुल मातेचं स्मारक. बसलेली, मान खाली घातलेली आई, समोर अखंड ज्योत, आणि दोन्ही बाजूंच्या कोरीव लाकडी ओसऱ्यांत धातूची पानं असलेली मोठी पुस्तकं. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या या देशातल्या सैनिकांची नावं प्रांतवार त्यांत कोरली आहेत, सुमारे ४ लाख. पानं हाताने उलटता येतात. म्हातारी माणसं नाव शोधत उभी असतात, त्यांच्या शेजारी आवाज खाली ठेवा.

इथून चालत इतिहास संग्रहालय गाठा. मूळची ही १९७० ची इमारत लेनिन संग्रहालय म्हणून बांधलेली. वेळ थोडा असेल तर थेट फयाझतेपेच्या बुद्धमूर्तीकडे जा. दक्षिणेला तिरमिझजवळच्या विहारात सापडलेली ही कुशाणकालीन मूर्ती: झाडाखाली ध्यानस्थ बुद्ध आणि दोन्ही बाजूंना भिक्षू. कार्ले-कान्हेरीची लेणी बघत वाढलेल्या माणसाला इतक्या उत्तरेला ही शांत मुद्रा ओळखीची वाटते, आणि धम्म कुठवर पोचला होता ते डोळ्यांना दिसतं. इथली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा हा दुसरा दिवस सोमवारी येऊ देऊ नका.

अंखोर कालव्याच्या दिशेने पुढे गेलात की धैर्याचं स्मारक लागतं. भूकंपाचं स्मारक ते हेच. काळ्या दगडाचा ठोकळा, त्यावर तारीख आणि भूकंपाच्या वेळेला थांबलेलं घड्याळ. ठोकळ्याला तडा गेलाय आणि तो तडा जमिनीवरून धावत जाऊन एका जोडप्याच्या पायांशी पोचतो. पुरुषाने छाती पुढे करून, हात पसरून बायको आणि मूल यांना मागे घेतलंय. मागे शहर पुन्हा बांधणाऱ्यांची शिल्पं आहेत. नवविवाहित जोडपी इथे फुलं वाहायला येतात. सहलीच्या गाड्या इथे क्वचित थांबतात, आणि मला ते खटकतं. शहर समजून घ्यायचं असेल तर ताश्कंदमध्ये याहून महत्त्वाची जागा नाही.

दुपारनंतर टॅक्सीने नवोई नाट्यगृहासमोर या. मॉस्कोत लेनिनची समाधी बांधणाऱ्या अलेक्सेई शुसेव्हचीच ही रचना, १९४७ मध्ये पूर्ण झालेली. बांधकामावर जपानी युद्धकैदी राबले होते आणि १९६६ च्या भूकंपात ही इमारत उभी राहिली. त्या कैद्यांची आठवण ठेवणारी पाटी बाहेर आहे. संध्याकाळी ऑपेरा किंवा बॅले असेल तर तिकीट घ्याच. मुंबईतल्या नाटकाच्या तिकिटाच्या आसपासच्या पैशात चांगली जागा मिळते, आणि मध्यंतरात सहा दालनं बघता येतात. प्रत्येक दालनात एकेका प्रांताची कोरीव कला आहे. भर उन्हाळ्यात नाट्यगृहाला सुटी असते.

प्रयोगाला वेळ असेल तोवर अमीर तेमूर चौकापर्यंत चालत या. मध्ये तैमूरचा अश्वारूढ पुतळा, मागे उघड्या पुस्तकासारखं दिसणारं १९७४ चं हॉटेल उझबेकिस्तान. दिल्ली लुटणारा तैमूर इथे राष्ट्रपुरुष आहे. वाद घालू नका, ऐकून घ्या. आपण ज्याला लुटारू म्हणून शिकलो त्याला इथली मुलं काय म्हणून शिकतात, हे समजून घेण्यासारखं आहे. शेजारच्या तैमूर संग्रहालयात मुघलांचं मूळही दिसतं, बाबर त्याच्याच वंशातला.

तिसरा दिवस: शास्त्रीजी आणि उत्तरेकडचा भाग

सकाळी टॅक्सीच्या ॲपमध्ये ‘शास्त्री’ लिहून शास्त्री रस्त्यावरच्या अर्धपुतळ्यापाशी जा. वाटेत फुलं घ्या. या भागात स्मृतिस्थळी सम संख्येने फुलं वाहतात, विषम संख्येची फुलं आनंदाच्या प्रसंगाला असतात, म्हणून चार किंवा सहा घ्या.

१९६५ च्या युद्धानंतर सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने लालबहादूर शास्त्री आणि अयूब खान यांची बोलणी इथे ४ जानेवारी १९६६ पासून चालली. शास्त्रीजींच्या सोबत आपले यशवंतराव चव्हाण होते, युद्धकाळातले संरक्षणमंत्री. १० जानेवारीला करार झाला: दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतायचं. जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड परत द्यावी लागणार होती. त्याच रात्री, ११ जानेवारीच्या सुरुवातीच्या तासांत, शास्त्रीजी गेले. त्यांच्या शवपेटीला कोसिगिन आणि अयूब खान या दोघांनीही खांदा दिला. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना ताश्कंद हे नाव त्या एका बातमीमुळे ठाऊक आहे. त्यांना सोबत आणलं असेल, तर हा थांबा सगळ्यात आधी ठेवा आणि त्यांना हवा तेवढा वेळ बसू द्या.

शास्त्रीजींनी पाहिलेलं ताश्कंद त्यानंतर साडेतीन महिन्यांत कोसळलं. नव्या शहराने मात्र त्यांचं नाव सांभाळलं: रस्त्याला, शाळेला आणि भारतीय सांस्कृतिक केंद्रालाही. त्या शाळेत मुलं हिंदी शिकतात.

तिथून बोदोमझोर भागात या. ३७५ मीटर उंचीचा दूरदर्शन मनोरा १९८५ मध्ये सुरू झाला. वर जायला पासपोर्ट लागू शकतो, सोबत ठेवा. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला बर्फाचे डोंगर दिसतात. धुरकट दिवशी तिकिटाचे पैसे वाया जातात, तेव्हा खालूनच बघा. मनोऱ्याजवळ बेशकोझोन हे पलावचं, म्हणजे मांस घातलेल्या इथल्या पुलावाचं, मोठं केंद्र आहे. प्रचंड कढयांत शेकडो माणसांचा पलाव एकदम शिजतो. पलाव हे दुपारचं जेवण, बाराच्या सुमारास जा. दोननंतर कढया खरवडलेल्या मिळतील.

मनोऱ्याजवळच कालव्याकाठी दडपशाहीच्या बळींचं स्मारक आणि छोटं संग्रहालय आहे. कादंबरीकार अब्दुल्ला कोदिरी, कवी चुलपान, लेखक फितरत यांना स्टालिनच्या राजवटीत, ४ ऑक्टोबर १९३८ ला, गोळ्या घातल्या गेल्या. परतीला हिरव्या मार्गिकेवर ‘अब्दुल्ला कोदिरी’ स्थानक लागतं, त्या नावाचा माणूस हाच. त्याआधी मिनोर स्थानकावर उतरून २०१४ ची पांढऱ्या संगमरवराची मशीद सूर्य मावळताना बघा, कालव्याच्या बाजूने.

शाकाहारी असाल तर

तयारीने जा. पलाव मांस आणि मेंढीच्या चरबीतच शिजतो, वरचे तुकडे बाजूला काढले म्हणून तो शाकाहारी होत नाही. भोपळ्याच्या समोशात आणि मंतीतही (मंती म्हणजे सारण भरून वाफवलेले मोदकासारखे गोळे) कधीकधी चरबी घालतात. ‘गोश्तसिझ’ किंवा रशियनमध्ये ‘बेझ म्यासा’ म्हणा, आणि चरबीसाठी ‘दुम्बा’ हा शब्द वापरून वेगळं विचारा. मांस खाता पण गोमांस नाही, तर ‘मोल गोश्ती’ नको, ‘कुय गोश्ती’ म्हणजे मेंढीचं चालेल, असं सांगा. पलावावरचे गोल काप बहुधा घोड्याच्या मांसाचे असतात, ते आधीच नाही म्हणा. नोन, साय, मध, दही, टोमॅटो-कांद्याचं अच्चिक-चुचुक, फळं आणि हिरवा चहा यांवर दोन वेळा मजेत जातात. जॉर्जियन हॉटेलांत चीज भरलेली खाचापुरी आणि राजम्यासारखं लोबियो मिळतं. भारतीय हॉटेलंही आहेत, वैद्यकीय शिक्षणासाठी आलेल्या आपल्या मुलांमुळे त्यांना गिऱ्हाईकही आहे. तरी थोडं मेतकूट किंवा शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्या. गरम नोनबरोबर छान लागते.

चौथा दिवस मिळाला, तर

चिमगान डोंगर आणि चारवाक जलाशय गाठा. टॅक्सी दिवसभरासाठी ठरवा, जाऊन-येऊन किती आणि किती तास थांबणार हे कागदावर लिहून घ्या. एका बाजूला दीड ते दोन तास लागतात. तिथल्या आमिरसोय या स्की-केंद्राच्या रोपवेने उन्हाळ्यातही वर जाता येतं.

समरकंदची अफरासियाब ही वेगवान रेल्वेगाडी साधारण सव्वादोन तासांत पोचवते, पण तिची तिकिटं हंगामात फार लवकर संपतात. तारखा ठरल्या, की विमानापाठोपाठ हेच आरक्षण करा. स्थानकाच्या आवारात पासपोर्ट आणि तिकीट दाखवल्याशिवाय सोडत नाहीत, सामान यंत्रातून जातं, म्हणून पाऊण तास आधी पोचा. नाव पासपोर्टशी जुळतंय ना, ते तिकीट काढल्याकाढल्या बघून घ्या.